हॉलिस टार्व्हरने धरलेली जागा

मे महिन्यात आमच्या गावात रस्त्याच्या कडेला गाद्या येऊन पडतात. सकाळी पदवीदान उरकतं, दुपारी आईबाप जेवू घालतात आणि संध्याकाळपर्यंत पोरं आपापल्या खोल्यांतल्या गाद्या, दिवे, एक पाय मोडलेल्या खुर्च्या फुटपाथवर टाकून मोकळी होतात. मग सामानाचे ट्रक सुटतात. कुठला ट्रक कुठे चालला हे मला ट्रकच्या मागे बसलेलं तोंड बघून सांगता येतं. ज्याला आकड्यांत गती आहे आणि गळ्यात टाय आवडतो तो डॅलसला. जिला वाटतं की आपल्याला गाता येतं ती नॅशव्हिलला, आणि वर्षभराने तिथल्याच कुठल्यातरी इस्पितळाच्या कचेरीत. यंत्रात डोकं खुपसणारा ह्यूस्टनला. उरलेले सगळे अटलांटाला, कारण अटलांटाला जायला कारण लागत नाही. मिसिसिपीत मागे राहतात ते ज्यांच्या बापाची विम्याची कचेरी आहे ते, नाहीतर ज्यांना शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा आहे ते.

आणि हॉलिस टार्व्हर.

हॉलिसच्या बापाची विम्याची कचेरी नव्हती आणि हॉलिसला फुटबॉल शिकवता येत नव्हता. बापाचं होतं ते खिळे, रंग, दोरखंड विकायचं दुकान. टॅलोवाच्या, म्हणजे आमच्या गावाच्या चौकात, माझ्या औषधांच्या दुकानाला भिंत लागून. त्या भिंतीला मी कान लावायचो असं माझी बायको ओपल म्हणते. कान लावायची गरज नव्हती, भिंतच पातळ होती.

शहात्तर साली हॉलिस हिशेबाची पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याचाही ट्रक भरलेला होता. अटलांटात नोकरी होती, राहायला खोली ठरली होती. निघायच्या आठवड्यात बाप दुकानात शिडीवरून उतरता उतरता लुळा पडला. अंगाची डावी बाजू गेली. हॉलिसने अटलांटाला कळवलं की हिवाळ्यानंतर येतो. दोस्तांनी वाट पाहिली नाही, कशाला पाहतील. डडली क्रेनशॉ डॅलसला गेला, वेंडेल ह्यूस्टनला, फे लिन नॅशव्हिलला आणि ट्रूडी अटलांटाला. ट्रूडी ही हॉलिसला ठरलेल्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर राहणार होती, आणि त्यातच त्या खोलीचं सगळं महत्त्व होतं. पण ती गोष्ट आता जुनी झाली, आणि ट्रूडीचा नवरा तसा भला माणूस आहे.

जाताना डडलीने ट्रकच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "हॉलिस, तू आहेसच तर राईतली आपली जागा धरून ठेव. फुटबॉलच्या सीझनला आम्ही येतोच."

हॉलिस म्हणाला, "धरतो."

एवढंच संभाषण. त्यावर माणसाचं आयुष्य गेलं.

राई म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या आवारातली ओकची झाडी. सामन्याच्या शनिवारी तिथे तंबूला तंबू लागतात. आत पांढरे टेबलक्लॉथ, चांदीच्या तबकांत तळलेली कोंबडी, आणि काही हौशी बायका तर तंबूत काचेचं झुंबर टांगतात. सामना कुणी जिंको, राईत आम्ही कधी हरत नाही. पण तंबूच्या जागेवर कुणाचं नाव नसतं. शुक्रवारी संध्याकाळी पहारेकरी शिट्टी वाजवतो, दोरी खाली पडते, आणि साठी उलटलेली, गुडघे बदललेली माणसं तंबूचे बांबू खांद्यावर घेऊन झाडीत पळत सुटतात. जो आधी पोहोचला त्याची जागा. आता वर्षानुवर्षं कोण कुठे उभं राहतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि शेजाऱ्याच्या जागेत पाय ठेवणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. पण तो मान तुम्ही हजर असाल तोवरच. एक शुक्रवार चुकला की जागा गेली, आणि मग ज्याने घेतली त्याच्यापुढे तुम्हाला हूं की चूं करता येत नाही.

हॉलिसचा एकही शुक्रवार चुकला नाही. वाकडा ओक आहे ना, त्याच्या पायथ्याशी त्याची जागा. उत्तरेच्या कोपऱ्यात झाडाचं एक मूळ वर आलंय, तिथे खुंटी शिरत नाही. दुकानातली जाडी लोखंडी खुंटीसुद्धा तिथे वाकायची. हॉलिसने शोधून काढलं की वीतभर डावीकडे सरकलं की माती मऊ आहे. त्याच्या शेजारची जागा आमची. ओपल आणि मी तिथे इतकी वर्षं आहोत की हॉलिसच्या तंबूत कोण काय पुटपुटतं तेही मला ऐकू येतं. कान चांगले आहेत, एवढंच.

त्याची बायको नेल गेली ती ऑक्टोबरातच. मंगळवारी गेली, गुरुवारी पुरली. शुक्रवारी हॉलिस रांगेत उभा होता, मातीला घातलेलीच काळी पँट, वर टीमचा सदरा. आमच्याकडे घरात कुणी गेलं की अख्खं गाव शिजवून आणून देतं. त्याच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ते सगळं त्याने शनिवारी उचलून तंबूत मांडलं आणि डॅलस-ह्यूस्टनहून आलेल्यांना वाढलं. फे लिनने चाखून विचारलं, "हे कुणी केलंय, फार छान आहे." हॉलिस म्हणाला, "मेथडिस्ट बायकांनी." आम्ही दुसऱ्या चर्चची बॅप्टिस्ट मंडळी, शिजवून तर आम्हीही दिलं होतं, त्यावर आठवडाभर गाल फुगवून होतो.

नेलची भरली अंडी प्रसिद्ध होती. उकडलेल्या अंड्याचे दोन भाग करायचे, पिवळा बलक मोहरी घालून मळायचा आणि परत पांढऱ्या भागात भरायचा. त्यासाठी खोलगट वाट्यांचं एक काचेचं तबक असतं, ते आमच्याकडे प्रत्येक नवरीला आहेरात येतं. नेल गेल्यावर ती अंडी हॉलिस करू लागला. पहाटे उठून उकडायचा, नखांनी सोलायचा. पहिल्या वर्षी मोहरी इतकी पडली की वेंडेलच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळ्यांना वाटलं तो नेलच्या आठवणीने रडतोय.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. ते अशिष्ट समजतात. जेवायला बोलावलं आणि यायचं नसेल तर माणूस तोंड भरून म्हणतो, "अगदी प्रयत्न करतो बघ." बोलावणाऱ्याला कळतं. आणि तबकातलं शेवटचं अंडं कुणी उचलत नाही. दिवसभर ते एकटं उन्हात सुकत राहतं, आणि संध्याकाळी यजमानीण कचऱ्यात टाकते. हॉलिसला ही खोड रक्तातच होती, पण एका बाबतीत तो भाबडा होता. "प्रयत्न करतो" याचा अर्थ त्याच्या लेखी "येतो" असाच होता. दर सामन्याला तो तीस माणसांचं रांधायचा. कधी बारा यायची. गेल्या काही वर्षांत चार, कधी दोन. एका शनिवारी पावसाने कुणीच आलं नाही, तेव्हा त्याने भरलेलं ताट घेऊन आमच्या तंबूत डोकावून विचारलं, "डॉक, तुमच्याकडे पाहुणे जास्त झालेत का? माझ्याकडे थोडं उरलंय." औषधवाला म्हणून अख्खं गाव मला डॉक म्हणतं. त्याचं थोडं म्हणजे पूर्ण टेबल होतं.

हॉलिसची एकुलती एक मुलगी रोझलिन. तीही याच विद्यापीठाची, तीही मे महिन्यात गेली. शार्लटला मोठ्या बँकेत आहे, नवराही तिथलाच. तिने गराजच्या वर एक खोली बांधून घेतली, न्हाणीघरात धरायला कठडे बसवले, आणि परवाच्या उन्हाळ्यात बापासमोर येऊन बसली. ही बोलणी त्याच्या पोर्चवर झाली. मी योगायोगाने कुंपणाशी होतो.

"डॅडी, आता पुरे. दुकान बंद होऊन किती वर्षं झाली. या घरात तुम्ही कुणाशी बोलता दिवसभर?"

"डॉकशी बोलतो."

"मिस्टर डॉकशी कुणी बोलत नाही. तेच बोलतात."

(पोरगी लहानपणापासून स्पष्ट आहे.)

"मी कसा येणार बाळा? सीझनला सगळे येतात. जागा कोण धरणार?"

"कोण येतं डॅडी?"

हॉलिसने पोर्चच्या पायरीवरचं वाळकं पान उचलून बाहेर टाकलं. मग म्हणाला, "ज्या वर्षी होमकमिंगला कुणी आलं नाही ना, त्या वर्षी सामान बांधून येतो. शब्द देतो." होमकमिंग म्हणजे जुने विद्यार्थी गावी परततात तो सामना. एरवी कुणी येवो न येवो, त्या दिवशी दोन-चार तरी यायचेच.

टार्व्हरांचा शब्द म्हणजे शब्द, हे रोझलिनला माहीत होतं. सप्टेंबरात तिचा मला फोन आला.

"मिस्टर डॉक, एक गोष्ट सांगते, ती पोटात ठेवाल?"

"माझ्या पोटात काय काय आहे ते तुला ठाऊक नाही."

"मी सगळ्यांना फोन केले. डडलीकाकांना, वेंडेलकाकांना, फे लिनला, ट्रूडीला. सांगितलं, फक्त या एका होमकमिंगला येऊ नका. डॅडी पडले तर तिथे बघायला कुणी नाही. गेल्या हिवाळ्यात न्हाणीत पडले, दोन दिवसांनी मला सांगितलं. मला खूप वाईट वाटतंय हो, पण दुसरा मार्ग नाही."

"काय म्हणाले ते?"

"सगळे लगेच हो म्हणाले. अगदी गोड बोलले."

सगळे हो म्हणाले तिथेच मला शंका आली होती. पण मीही याच मातीतला, मीही गोडच बोललो.

होमकमिंगचा शनिवार स्वच्छ उजाडला. हॉलिसने तंबू ठोकला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, अंड्यांचं तबक मधोमध. कडा कापलेली सँडविचं, गोड गार चहाचे दोन मोठे जार. तो खुर्च्यांच्या मधून फिरत त्या इकडच्या तिकडे सरकवत होता. मी माझ्या तंबूतून बघत होतो आणि ओपल माझ्याकडे बघत होती.

"तुझा चेहरा असा का झालाय?" ती म्हणाली. "काहीतरी ठाऊक आहे तुला."

"काही नाही."

"म्हणजे मोठं आहे."

इतक्यात झाडांतून डडली क्रेनशॉ चालत आला. मागे बायको, मुलगा, नवी सून. डडलीच्या चेहऱ्यावर चोरून बिस्किट खाणाऱ्या माणसाचा भाव. त्याने हॉलिसला मिठी मारली. दोघं वेगळे होतायत तोवर दुसऱ्या बाजूने वेंडेल आला, काठी टेकत, दोन नातवंडं घेऊन. त्याने डडलीला पाहिलं आणि जागीच थबकला.

"तू इथे काय करतोयस?" वेंडेल दबक्या आवाजात म्हणाला.

"तेच मी तुला विचारणार होतो. तू तर येणार नव्हतास."

"मला वाटलं कुणीच येणार नाही. मग हॉलिसचं काय होईल?"

"मलाही तेच वाटलं."

मग फे लिन आली, बहिणींना घेऊन. मग ट्रूडी आणि तिचा तो भला नवरा. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे शहाणपणाने घरी बसतील आणि बिचारा हॉलिस एकटा पडेल, म्हणून प्रत्येकजण गुपचूप निघून आला होता. दहा वर्षांत त्या तंबूत एवढी गर्दी झाली नव्हती. खुर्च्या कमी पडल्या, आमच्या न्यायला लागल्या. हॉलिसचे कान आनंदाने लाल झाले होते. तो ओपलला म्हणाला, "मी सांगत होतो ना रोझलिनला." ओपलने माझ्याकडे पाहिलं. मी वर ओकच्या फांद्यांकडे.

खरं तर सगळं निभावलं असतं. पण डडलीची नवी सून, इंग्रिड, ती मिनेसोटाची. तिकडे थंडी इतकी असते की बोलायला तोंड उघडलं तर माणूस कामाचंच बोलून मिटतो. गोरीपान, उंच, लांबसडक हातांची पोर. मंडळी स्टेडियमकडे निघायच्या तयारीत होती. तबकात एकच अंडं उरलं होतं. इंग्रिड आली, तिने ते उचललं आणि खाल्लं. फे लिन बोलता बोलता थांबली. माझ्या माहितीत त्या राईत असं पहिल्यांदाच घडत होतं.

हॉलिस मात्र खूश झाला. "शाबास पोरी. कितीएक वर्षं ते शेवटचं अंडं मी घरी नेऊन टाकतोय."

"चांगलं झालंय. मोहरी थोडी जास्त आहे," इंग्रिड म्हणाली. आणि मग खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. "मिस्टर हॉलिस, एक विचारू? हे सगळं करायला तुम्हाला आवडतं?"

मी चहाच्या जारपाशी होतो. हातभर अंतर. ग्लास भरत राहिलो, भरून वाहायला लागला तरी.

"मला?" हॉलिस हसला. "अगं, माझं काय. पण ही मंडळी एवढ्या लांबून येतात. आठ-आठ तास गाडी हाकतात. मी जागा धरली नाही तर बिचारी उभी कुठे राहणार? त्यांच्यासाठी करतो झालं."

इंग्रिडने भुवया वर केल्या. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, त्यात कुजकेपणा काही नव्हता. "पण गाडीत सगळे म्हणत होते की ते तुमच्यासाठी येतात. सासरे म्हणाले, आपण गेलो नाही तर हॉलिसला कोण आहे? सासूबाईंचा गुडघा दुखतो, त्यांना आठ तास बसवत नाही. तरी आल्या. तुमच्या मुलीने फोन करून येऊ नका म्हटलं होतं, तरी आले."

"रोझलिनने?"

तिला कळलं की काहीतरी सांडलं. पण मिनेसोटाचं माणूस, अर्धं सांडून थांबत नाही. "तुम्ही तिच्याकडे राहायला जावं म्हणून. कुणी आलं नाही तर तुम्ही जाल, असं काहीतरी ठरलं होतं ना?" मग तिचा चेहरा उजळला. "पण मग हे बरंच झालं की. तुम्ही त्यांच्यासाठी करता, ते तुमच्यासाठी येतात. आता दोघांनाही मोकळं होता येईल."

हॉलिसने मान हलवली. "हो. बरंच झालं." मग तबक तिच्यापुढे सरकवत, "अजून एक अंडं घेतेस?"

तबक रिकामं होतं. तिने तबकाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, "घेते," म्हणाली.

स्टेडियमला निघताना सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. सामना संपला की तिथूनच परतीच्या वाटेला लागणार होते. डडली म्हणाला, "पुढच्या वर्षी, हॉलिस." दरवर्षी यावर हॉलिसचं एक ठरलेलं उत्तर असायचं, "जागा धरलेली आहे." या वेळी तो म्हणाला, "सांभाळून चालवा." ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ट्रूडी थोडी मागे रेंगाळली, त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि नवऱ्यामागे गेली.

हॉलिस कधी सामना बघायला जात नसे, तंबूत बसून रेडिओवर ऐकत असे. त्या दिवशी त्याने रेडिओ लावला नाही. स्टेडियमचा आवाज झाडांवरून येत होता, तेवढाच. रिकाम्या खुर्च्या गोल करून तशाच पडल्या होत्या, एकीवर कुणाचीतरी शाल विसरली होती. मी ग्लासात थोडी व्हिस्की घालून त्याच्यापुढे ठेवली, आम्हा बॅप्टिस्टांना दारू वर्ज्य असूनही. त्याने ती शाल उचलून घडी घातली. मी एक शब्दही बोललो नाही, आणि हे ओपलला अजून खरं वाटत नाही.

मग त्याचा फोन वाजला. रोझलिन होती. त्याचं ऐकणं कमी झालंय, म्हणून तो फोनचा आवाज मोठा ठेवतो. मला दोन्ही बाजू ऐकू आल्या, यात माझा दोष नाही.

"डॅडी? कसा चाललाय दिवस?" तिचा आवाज अगदी बारीक होता.

"छान ऊन आहे."

"आणि... कुणी आलं होतं का?"

हॉलिसने त्या सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. चुरगळलेले रुमाल, ओठांचे डाग पडलेले ग्लास, वेंडेलच्या नातवाने अर्धा खाऊन ठेवलेला कोंबडीचा तुकडा.

"नाही गं," तो म्हणाला. "यंदा कुणीच नाही आलं."

तिकडून हुंदका आला. ती रडत होती.

"रडू नको बाळा. माणसं म्हातारी झाली, एवढ्या लांबून कशी येणार. ती गराजवरची खोली अजून रिकामी आहे ना? मग नाताळानंतर येतो मी."

फोन ठेवल्यावर तो ग्लासात बघत राहिला.

"खोटारडा आहेस," मी म्हणालो.

"पोरीने लोकांपाशी शब्द टाकला होता, डॉक. तो कुणी पाळला नाही हे तिला कशाला कळायला हवं?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि खोटं तरी काय बोललो. माझ्यासाठी आले म्हणतात. मी तर त्यांची वाट बघत होतो. बघायला आलेलं माणूस वेगळं आणि भेटायला आलेलं वेगळं."

"मी काही ऐकलं नाही," मी म्हणालो.

"तू? मग आज चर्चच्या घंटा वाजायला हव्यात."

दोघं मिळून तंबू उतरवला. उत्तरेची खुंटी त्यानेच काढली, माती झटकली आणि ती कोटाच्या खिशात टाकली.

ती चौघं रोझलिनला आपण आल्याचं सांगणार नाहीत हे उघडच होतं. येणार नाही असा तिला शब्द दिला होता ना. शार्लटमध्ये त्या मुलीला अजून वाटतं की तिच्या सांगण्यावरून बापाचे दोस्त घरी बसले आणि तो दिवसभर एकटा तीस माणसांच्या जेवणासमोर बसून राहिला. नाताळात ती त्याला न्यायला आली तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मिस्टर डॉक, मी फार वाईट वागले." मी तिची पाठ थोपटली. आयुष्यात इतकी चांगली बातमी माझ्या जिभेवर येऊन परत गेली नव्हती.

शार्लटहून हॉलिसचा फोन येतो. बोलण्यासारखं त्याच्याकडे फार नसतं. सकाळी मुलगी आणि जावई निघून गेले की तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातो, रांगेतल्या माणसाला "कसं काय चाललंय" विचारतो, आणि तो माणूस कानातलं गाणी ऐकायचं यंत्र काढून "काय?" म्हणतो. खोलीतून दुसऱ्याचं गराज दिसतं. रोझलिन संध्याकाळी त्याच्यासाठी मुद्दाम लवकर येते आणि दमून सोफ्यावर झोपते. तो तिच्या अंगावर पांघरूण घालतो आणि टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसतो. "चांगलं आहे," म्हणतो. "अगदी प्रयत्न करतेय ती."

डडलीचाही एकदा फोन आला. "हॉलिस रागावलाय का आमच्यावर?" मी म्हटलं, नाही रे बाबा. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "हे शरद ऋतूतले शनिवार फार लांबतात, डॉक. करायचं काय असतं त्यांचं?"

गेल्या सप्टेंबरात पहिल्या सामन्याच्या आदल्या शुक्रवारी मी आमचे बांबू घेऊन दोरीपाशी उभा होतो. शिट्टी व्हायच्या बेतात होती तेव्हा खिशातला फोन वाजला.

"झाली का शिट्टी?" हॉलिस.

"थांब. होतेय." झाली. मी माझ्या परीने पळालो, म्हणजे चाललो. आमच्या जागेवर बांबू टाकले आणि वाकड्या ओककडे पाहिलं.

"कुणी घेतली?" तो म्हणाला.

"पोरांनी. शेवटच्या वर्षाची दिसतात. चार मुलगे, दोन मुली. एकाला तंबू उलटा धरलाय हे अजून कळलेलं नाही."

"चांगली आहेत का?"

"आहेत. मे महिन्यात दोघं डॅलसला जातील, एक नॅशव्हिलला. तोंडावर लिहिलंय."

तो हसला. मग म्हणाला, "त्यांना सांग, उत्तरेच्या कोपऱ्यात मूळ आहे. वीतभर डावीकडे घ्या म्हणावं."

मी गेलो आणि सांगितलं. एक लाल केसांचा मुलगा आधीच तिथे गुडघ्यावर बसून खुंटी वाकवत होता. "होय सर," म्हणाला, डावीकडे सरकला, आणि खुंटी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मी फोन कानाला लावला.

"गेली," मी म्हणालो.

"ऐकलं." मला वाटलं आता ठेवेल. "डॉक, फोन बंद करू नकोस. तसाच खिशात ठेव. तुझं काम चालू दे, मला काही बोलायचं नाही."

मी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला, तोंड वर करून. तंबू ठोकला, ओपलची खुर्ची लावली, शेजारच्या मेथडिस्टांशी त्यांच्या नव्या झुंबरावरून भांडलो, कुणाचं कुणाशी मोडलं ते विचारलं, कुणाचं जमलं ते सांगितलं. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने बोलत होतो, ओपलने दोनदा हटकलं. काळोख पडायच्या आत घरी निघालो तेव्हा आठवण झाली, खिशात हात घातला. फोन गरम होता. कानाला लावला तर पलीकडे कुठेतरी गराजचं दार खाली येत होतं.

"हॉलिस," मी म्हणालो, "निघतोय आम्ही आता."

"हो," तो म्हणाला. "सांभाळून चालवा."